माणसं: तीन

अष्टदिशा बसवून बावीस दिवस झाले होते आणि तेवढ्या काळात अच्युतराव मराठ्यांनी कंपनीच्या अकरा जणांना मूर्ख ठरवलं होतं. चौघांना फोनवर, सात जणांना लेखी. लेखी ठरवणं त्यांना जास्त आवडे, कारण त्यात मुद्द्यांना क्रमांक देता येत. बाराव्या माणसाला कंपनी आज घरी पाठवणार होती आणि त्याच्याविषयीचं मत अच्युतरावांनी सकाळी दाढी करतानाच बनवून टाकलं होतं.

अष्टदिशा म्हणजे साध्या भाषेत घरातला वायफाय राउटर. कंपनी मात्र त्याला 'गृहसंवेदक' म्हणे, कारण राउटर म्हटलं की लोक राउटरएवढीच किंमत देतात. बाजारातलं सगळ्यात वरचं यंत्र होतं ते. पोळपाटाएवढी काळी, गुळगुळीत तबकडी दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवली होती. सांगलीतल्या त्या बंगल्यात मुलाच्या खोलीत तिची रेंज पोचत होती, सुनेच्या गॅलरीत पोचत होती, गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बसलं तरी सिनेमा न अडखळता दिसत होता. फक्त यंत्रापासून आठ फुटांवर, दिवाणखान्यातल्या वेताच्या खुर्चीत, जिथे अच्युतराव सकाळी सातपासून बसत, तिथे फोनवर एकच दांडी दिसे, आणि तीही उपकार केल्यासारखी.

छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत रेडिओचे मनोरे उभारलेल्या माणसाची ही थट्टाच होती. त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक अजून एकत्र जमले की त्यांची आठवण काढत, पण ती काढताना आजूबाजूला कोणी लहान मूल नाही ना, हे आधी बघून घेत.

नुसत्या इंटरनेटचा प्रश्न असता तर अच्युतरावांनी खुर्ची हलवली असती. म्हणजे, नसती हलवली. पण हलवण्याचा विचार तरी केला असता. प्रश्न वेगळा होता. गेल्या चैत्रात न्हाणीघराच्या दारात त्यांना चक्कर आली आणि चाळीस मिनिटं ते फरशीवर पडून राहिले. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधायला सांगितला. माणूस पडला की तो पट्टा रुग्णवाहिका बोलावतो. पट्टा कुत्र्याला बांधतात, असं अच्युतरावांनी डॉक्टरांना ऐकवलं आणि अष्टदिशा विकत घेतला. हा पट्ट्याशिवाय बघतो. पुन्हा पडलोच तर यंत्राला ते कळलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी ती कोणाला बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवलं असतं तर भीती वाटते हे मान्य केल्यासारखं झालं असतं.

यामागचं विज्ञान आपल्याला कंपनीच्या अकराही जणांपेक्षा चांगलं समजतं, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. राउटरमधून निघालेली लहर भिंतीवर, कपाटावर, माणसावर आपटून परत येते. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. ते लहरीचा काही भाग गिळतं, काही परतवतं. श्वास घेतला की छाती अर्धा सेंटीमीटर पुढे येते आणि लहर तेवढी लवकर परतते. हा फरक सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही लहान असतो, पण सेकंदाला हजार वेळा मोजत राहिलं की त्यातून श्वास दिसतो, चाल दिसते, पडणंही दिसतं. माणूस कुठे आहे हे कळलं की यंत्र आपल्या सगळ्या अँटेनांच्या लहरी अशा जुळवतं की त्या नेमक्या तिथे एकमेकींना बळ देतात. जुना राउटर बागेत झारीने शिंपडावं तसा सगळीकडे शिंपडत असे. हा नळी धरतो. जिथे माणूस नाही तिथे धरत नाही, कारण वीज वाचवणं आता कायद्यानेच सक्तीचं झालं होतं.

तेव्हा दोष सिद्धांतात नव्हता. मग तो घरात असणार. आणि घरात म्हटल्यावर अच्युतरावांचं बोट आपोआप स्वयंपाकघराकडे गेलं. खुर्चीमागच्या भिंतीपलीकडे वैजयंतीबाईंची स्टीलची मांडणी होती. उभी लावलेली ताटं, पराती, उतरत्या क्रमाने डबे. स्टील लहरींना आरशासारखं परतवतं. अच्युतरावांनी बायकोला सगळी भांडी उतरवायला लावली. तीन दिवस वैजयंतीबाई जमिनीवरच्या एकशे बारा भांड्यांतून वाट काढत पोळ्या लाटत होत्या. खुर्चीतली दांडी एकची दोन झाली नाही. भांडी परत लावताना अच्युतरावांनी मदत केली नाही, कारण प्रयोग संपला होता.

"बाबा, वर आमच्याकडे एकदम मस्त चाललंय," कौस्तुभ, त्यांचा मुलगा, जिन्यावरून उतरता उतरता म्हणाला होता.

"तुझं मत मी विचारलं नाही. तू नुसता वापरणारा आहेस."

वापरणारा हा शब्द अच्युतरावांच्या तोंडी शिवीसारखा येई. कौस्तुभने मान हलवली आणि तो मागच्या दाराने ऑफिसला गेला. हल्ली तो मागच्याच दाराने जात असे.

बारावा माणूस साडेदहाला आला. पन्नाशीचा, पोट पुढे, शर्टाच्या खिशात अजूनही स्क्रू-ड्रायव्हर. सर्जेराव चौगुले असं त्याने नाव सांगितलं आणि चपला दाराबाहेर काढल्या.

"शिक्षण काय तुमचं?" अच्युतरावांनी विचारलं.

"बारावी नापास, सायेब. पण केबल वडली की वीस वरसं. ह्या पोलवरनं त्या पोलवर."

"म्हणजे कंपनीने मला केबलवाला पाठवला."

"व्हय," चौगुले म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही आणि त्यामुळे अच्युतरावांचा वार फुकट गेला.

त्याने पिशवीतून एक पातळ पाटी काढली आणि ती अष्टदिशाला जोडली. पाटीवर घराचा नकाशा उमटला. स्वयंपाकघरात एक हिरवा ठिपका होता, वरच्या मजल्यावर दोन. कौस्तुभ आज घरूनच काम करत होता आणि सून मृण्मयी गॅलरीत कोणाशी तरी बोलत होती. वर लिहिलं होतं: माणसं: तीन. पाहुणे: एक. चौगुले पाहुणा होता, त्याचा ठिपका पिवळा होता.

"तुमी धरून चार मानसं पायजेत न्हवं?" चौगुलेने विचारलं.

"मी इथे तुमच्यासमोर बसलोय."

"मला दिसतंय की. ह्येला दिसंना."

खुर्चीच्या जागी एक करडा चौकोन होता. चौगुलेने त्यावर बोट ठेवलं. वस्तू क्रमांक चौदा. प्रकार अनिश्चित. नियमित हालचाल. तेरा नंबरचं वॉशिंग मशीन होतं आणि पंधराला हॉलमधला पंखा.

अच्युतराव उठून नकाशाजवळ आले, तसा चौदा नंबर तिथेच राहिला आणि पाहुणे एकचे दोन झाले. ते परत जाऊन बसले, की पाहुणे पुन्हा एक. स्वतःच्या घरात, स्वतः घेतलेल्या यंत्राच्या हिशेबी, बसले की सामान आणि उठले की पाहुणे, अशी त्यांची सोय झाली होती.

"पाहुणा म्हणून मी पडलो तर?"

"पावन्यावर नजर ठिवायला कायद्यानं बंदी हाय, सायेब. पावना पडला तर पडला."

"आणि खुर्चीतून पडलो तर?"

चौगुले जरा विचारात पडला. "करून बगू या. उशी घ्या खाली."

बहात्तराव्या वर्षी एका केबलवाल्यासमोर खुर्चीवरून घसरून जमिनीवर आडवं व्हायचं, हे अच्युतरावांनी केलं. यंत्राची चूक पुराव्यानिशी पकडता येणार होती म्हणून केलं. ते गालिच्यावर कुशीवर पडले आणि डोळे मिटून थांबले. पाटी किणकिणली.

"काय म्हणतंय?" त्यांनी खालूनच विचारलं.

चौगुलेने आधी मनात वाचलं. मग त्याला मोठ्याने वाचावंच लागलं.

"वस्तू क्रमांक चौदा जागेवरून हलली आहे. नवीन मांडणी जतन करायची का?"

अच्युतरावांनी डोळे उघडले. समोर सोफ्याचा खालचा भाग होता, त्याखाली एक पेन्सिल आणि थोडी धूळ. चैत्रात न्हाणीघराच्या दारात त्यांनी अशीच बादलीची खालची कड चाळीस मिनिटं पाहिली होती. त्यांना भीती वाटली. साधी भीती, जिला मुद्दे नव्हते आणि क्रमांकही नव्हते. चौगुलेने पुढे केलेला हात त्यांनी धरला आणि उठल्यावर लगेच सोडून दिला.

"सायेब, एक इचारू? तुमी श्वास कसा घेता?"

"कसा म्हणजे? शास्त्रशुद्ध."

हे त्यांनी खरंच सांगितलं. निवृत्त झाल्यापासून अच्युतराव मोजून श्वास घेत. चार मात्रांत आत, सोळा मात्रा कुंभक, आठ मात्रांत बाहेर. प्राणायाम लोक सकाळी पंधरा मिनिटं करतात आणि दिवसभर वाटेल तसा श्वास घेतात, हा ढोंगीपणा त्यांना मान्य नव्हता. ते खुर्चीत बसले की दिवसभर मोजत. घरातले बाकीचे भात्यासारखे वेळीअवेळी श्वास घेतात, हे त्यांनी प्रत्येकाला निदान एकदा तरी सांगितलं होतं.

चौगुलेने खाली मान घालून हसू आवरलं. घरात हलणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. पंखा फिरतो, पडदा हलतो, माशांच्या टाकीतला पंप धापा टाकतो. यंत्र बनवणाऱ्यांना या सगळ्यांतून माणूस वेगळा काढायचा होता. त्यांनी हजारो माणसांचे श्वास तपासले आणि त्यांना दिसलं, की कुठलाही माणूस सारखा श्वास घेत नाही. तो मधेच उसासा टाकतो, खोकतो, काहीतरी आठवून थबकतो. जे घड्याळाच्या काट्यासारखं हलतं ते उपकरण, अशी त्यांनी यंत्राला शिकवण दिली. अच्युतराव बावीस दिवस घड्याळाच्या काट्यासारखे हलत होते.

"तर आता जरा वेडावाकडा घ्या," चौगुले म्हणाला.

ते त्यांना पटकन जमेना. न मोजता श्वास घ्यायचा कसा, हे ते विसरले होते. मोजायचं नाही असं ठरवलं, की किती वेळ मोजलं नाही हे ते मोजू लागत. चौगुलेने त्यांना आपल्या केबलच्या दिवसातली एक हकीकत सांगितली, कोणा नगरसेवकाच्या म्हशीने वायर खाल्ल्याची. अच्युतरावांना ती मूर्खपणाची वाटली, पण ऐकता ऐकता श्वास बिघडला. पाटीवरून 'नियमित हालचाल' हे शब्द गेले.

वस्तू क्रमांक चौदा तशीच राहिली.

"आता का?"

चौगुलेने पाटी जरा आपल्याकडे वळवली. "दुसरी अट ऱ्हायली न्हवं," तो म्हणाला. "जाऊ द्या सायेब, मी कंपनीला लिवतो."

"काय अट आहे ती सांगा. मला समजेल. मी बारावी पास आहे."

चौगुलेने मग काही राखून ठेवलं नाही. त्याने नकाशावर बावीस दिवसांच्या चाली उमटवल्या. तिघांच्या तीन रंगांच्या रेघा, दारातून जिन्याकडे, जिन्यावरून स्वयंपाकघराकडे. जिथे जिथे एक माणूस दुसऱ्याजवळ थांबला होता तिथे तिथे रेघांच्या गाठी पडल्या होत्या. ओट्यापाशी वैजयंतीबाई आणि मृण्मयीची एवढी मोठी गाठ होती, की खालचा ओटाच दिसत नव्हता.

"मानूस मानसाजवळ थांबतोय. पंख्याजवळ, कपाटाजवळ कोन थांबत न्हाई, वळसा घालून जातंय. त्येच्यावरनं बी ह्ये शिकतंय."

वेताच्या खुर्चीभोवती एकही गाठ नव्हती. सगळ्या रेघा तिथे येऊन बाकदार वळत होत्या आणि पलीकडे पुन्हा सरळ होत होत्या. चांगला पाच-सहा फुटांचा वळसा होता.

"खोली अरुंद आहे," अच्युतराव म्हणाले. खोली अठरा फूट रुंद होती.

"सगळ्यात जास्ती कोन थांबलं असंल तर नऊ सेकंद. रोज चार वाजता."

"चहा," अच्युतराव म्हणाले. मग त्यांनी आवाज चढवला. "दोन फालतू अटींवरून जिवंत माणसाला सामान ठरवायचं. ज्याने हे लिहिलं त्याला गाढवसुद्धा शेजारी उभं करणार नाही. खात्री नव्हती तर विचारायला काय झालं होतं?"

"इचारलंय की," चौगुले म्हणाला. "गुरुवारी सकाळी धा वाजून बारा मिन्टांनी. दिवाणखान्यातील आकृती माणूस आहे की वस्तू? उत्तर आलंय. वस्तू."

"मला कोणी विचारलेलं नाही."

"मालकाच्या नंबरावर इचारतंय ते." त्याने नंबर वाचून दाखवला.

तो वैजयंतीबाईंचा नंबर होता. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही नंबर मागितला की अच्युतराव बायकोचा देत. फुटकळ कंपन्यांचे फोन घ्यायला आपण मोकळे नाही, ती आहे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून अष्टदिशाच्या दप्तरी घरमालक वैजयंतीबाई होत्या, आणि त्यांनी नवऱ्याविषयी आपलं उत्तर दिलं होतं.

"अगं, इकडे ये."

वैजयंतीबाई आल्या. बोटांना कणीक होती. चौगुलेला पाहून त्यांनी विचारलं, "चहा टाकू का तुम्हाला?"

"गुरुवारी या यंत्राने तुला काही विचारलं होतं?"

"हो. खुर्चीत आहे ते माणूस आहे की वस्तू, म्हणून."

"आणि तू वस्तू म्हणालीस."

"दाबलं तसं."

"मी तुला दिसत नव्हतो? तुला वाचता येत नाही का?"

"वाचलं म्हणूनच दाबलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "सूचना वाचल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय. मिक्सर जळला तेव्हा. माझ्या भावाच्या सगळ्या घरासमोर सांगितलंत. तर मी सूचना वाचली. खात्री नसल्यास हाक मारून पाहा. तीन हाकांनंतरही प्रतिसाद नसल्यास वस्तू निवडा. मी तीन हाका मारल्या."

"मी कुंभकात असेन."

"होतात. तो संपेपर्यंत मी थांबले. मग परत मारली. तिसरी तर इथे, या कोचापाशी येऊन मारली. तुम्ही डोळे उघडलेत आणि खिडकीकडे बघितलंत."

अच्युतरावांना गुरुवार आठवला. हाका त्यांनी ऐकल्या होत्या. तिन्ही ऐकल्या होत्या. ओ दिली असती तर गॅस सिलिंडरबद्दल किंवा तिच्या भावाबद्दल काहीतरी बोलणं निघालं असतं, आणि ते ऐकून घेण्याइतकं ते महत्त्वाचं नसणार, असं त्यांनी ठरवलं होतं. असं ते वर्षानुवर्षं ठरवत आले होते.

"मी इथे मेलो असतो तर यंत्राला कळलं नसतं," ते म्हणाले. "तुला समजतंय का तू काय केलंस?"

"चैत्रात तुम्ही पडलात तेव्हा मी बाजारातून येत होते. फाटकात असताना तुमची हाक ऐकू आली. भाजी तिथेच टाकून धावले. दोनदा हाक मारावी लागली नव्हती तुम्हाला."

चौगुले पाटीत डोकं घालून बसला होता. अच्युतरावांनी त्याच्याकडे वळून साहेबी आवाज काढला. "हे उतरवा भिंतीवरून. परत न्या."

"मालकांची परवानगी लागंल," चौगुले चोरट्यासारखा म्हणाला आणि त्याने वैजयंतीबाईंकडे पाहिलं.

"राहू दे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला त्याचं बरं वाटतं. सकाळी उठलं की विचारतं, झोप लागली का म्हणून."

अच्युतराव मनात उत्तराचे मुद्दे मांडू लागले. पहिला मुद्दा तयार झाला, दुसराही झाला. पण तिसऱ्यापाशी ते अडले, कारण यंत्र राहणार होतं, त्यांना चक्कर पुन्हा येणार होती, आणि घरात त्यांना माणूस म्हणण्याचा अधिकार फक्त समोर कणकेच्या हातांनी उभ्या असलेल्या बाईला होता.

"वैनी, चौदा नंबर मी पुसलाय," चौगुले हळूच म्हणाला. "आता परत इचारंल तुमाला."

वैजयंतीबाईंच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, आणि त्या स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्यांनी हाक मारली.

अच्युतरावांचा चेहरा लाल झाला. एका परक्या माणसासमोर आपली परीक्षा चालली आहे, तीही या बाईकडून. असल्या पोरखेळाला प्रतिसाद देण्याइतके आपण उतरलेलो नाही, हे त्यांच्या पाठीच्या ताठ कण्यावरून कोणालाही कळलं असतं. ते खिडकीकडे बघत राहिले.

"अहो."

आवाज वाढला नव्हता आणि त्यात विनवणीही नव्हती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. चौगुलेच्या मांडीवरच्या पाटीवर खुर्चीच्या जागी आता नुसती मोकळी जागा होती, तीत काहीच काढलेलं नव्हतं. अच्युतरावांना ती दिसत होती. त्यांचा श्वास आपोआप मोजला जाऊ लागला आणि सहाव्या मात्रेला तो तुटला.

"अहो."

"ओ," अच्युतराव म्हणाले, आणि त्यांनी मान वळवली.

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. बटणापाशी नेलेलं बोट त्यांनी मागे घेतलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सूचना पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली. त्यांना काहीच घाई नव्हती. अच्युतराव तसेच मान वळवून बसून राहिले. मान दुखायला लागली, तरी त्यांनी ती सरळ केली नाही.